दोन आरशांचे काका

आमच्या वर्कशॉपमध्ये स्टीलच्या डब्याला बंदी होती. मोबाईल चालायचा, तंबाखू चालायची, एकदा दोघांची बाचाबाची झाली तीही चालली. स्टीलचा डबा चालायचा नाही. दाराशी एक लाकडी फळी होती. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या, चाव्या आणि डबा तिच्यावर ठेवायचा, मग आत यायचं. मालक एकदा गळ्यात जाड साखळी घालून आत आले, तर काकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मालक मुकाट्याने गेले, साखळी खिशात टाकली आणि परत आले. जागा मालकांची होती, पण आतला कायदा काकांचा होता.

माझ्या नाकात चमकी होती. पहिल्याच दिवशी काकांनी ती काढायला लावली. रोज सकाळी आठ वाजता काढायची, संध्याकाळी सहाला घालायची. महिनाभरात नाकाचं भोक बुजायला लागलं. दिघ्याला आमच्या घरी आईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "कुणाच्या नादाला लागलीस?" मी म्हटलं, "काकांच्या." ते सांगून मी आणखी गोंधळ केला.

तर काम काय होतं ते सांगते. औषधाच्या बाटलीचं झाकण, गाडीतलं बेअरिंग, विजेची वायर, कशावरही बारीक अक्षरं आणि आकडे असतात. त्यातले बरेचसे शाईचे नसतात, लेझरने कोरलेले असतात. अशी कोरायची मशीन्स बिघडली की रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये यायची. लेझरचा झोत स्वतः वळत नाही. तो नाकासमोर जातो. अक्षर काढायचं तर त्याला कुणीतरी वळवावं लागतं. त्यासाठी मशीनच्या डोक्यात नखाएवढे दोन आरसे असतात. एक झोताला डावीउजवीकडे नेतो, दुसरा वरखाली. दोघांना बारक्या मोटरी जोडलेल्या असतात आणि त्या इतक्या झपाट्याने मान हलवतात की आपल्याला अक्षर एकदम उमटल्यासारखं वाटतं. हे आरसे बसवणं, स्वच्छ करणं आणि एकमेकांशी जुळवणं हे काकांचं काम. अख्ख्या पट्ट्यात त्यांच्याइतका हात कुणाचा बसलेला नव्हता, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. काकांसमोर सांगायचे नाहीत.

काका घणसोली गावातले. वाडवडील मीठ पिकवायचे. मिठागरं शहरात गेली, त्या बदल्यात एका कारखान्यात नोकरी लागली, तिथे एक परदेशी इंजिनियर मशीन बसवायला आला होता. त्याला मराठी येत नव्हतं, यांना इंग्रजी येत नव्हतं. दोघांनी सहा आठवडे एकमेकांना फक्त बोटं दाखवली. काका सगळं शिकले ते तेवढ्यात. "बोलला आसता तर कमी शिकलो आसतो," असं ते म्हणायचे.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, फाईल घेऊन गेले होते. त्यांनी फाईल उघडली नाही. माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत एकच प्रश्न विचारला.

"आरसा एक अंश फिरवला, तर उजेर किती फिरल गो?"

"एक," मी म्हणाले.

"दोन," ते म्हणाले. "उद्या ये."

मला वाटलं, उद्या पुन्हा परीक्षा आहे. नव्हती. नोकरी लागली होती. पुढे वर्षभराने मी विचारलं की चुकीचं उत्तर दिल्यावर मला का घेतलं. ते म्हणाले, "दोन बोलनारे चार येऊन गेले. पाठ करून आले होते. पाठ केलेला मानूस ऐकत नाय. चुकलेला ऐकतो."

हे भिंतीकडे बघणं मात्र मला फार दिवस समजलं नाही. काका कुणाशीही बोलताना त्याच्याकडे बघत नसत. त्याच्या कानाच्या बाजूला, हातभर पलीकडे कुठेतरी बघत. पहिला आठवडा मी दर वेळी मागे वळून पाहायचे. मागे एक कॅलेंडर होतं आणि आग विझवायचं लाल नळकांडं. गिऱ्हाइकांना याचा राग यायचा. वाशीच्या मार्केटमधले एक व्यापारी फळांच्या पेट्यांवर छाप मारायचं मशीन घेऊन आले होते. ते मालकांना म्हणाले, "तुमचा माणूस आमच्याशी बोलत नाय, तुमच्या पंख्याशी बोलतो." मालकांनी त्यांना चहा पाजला. मालकांनी काकांपायी पुष्कळ लोकांना चहा पाजला.

माणसांविषयी काकांची मतं आरशांवरून ठरलेली होती. झोत वळवायच्या जेवढ्या तऱ्हा, तेवढ्या जातीची माणसं. काही मशीन्समध्ये दोन आरसे नसतात. आठ बाजूंचा एकच आरसा भोवऱ्यासारखा गरगर फिरतो आणि झोत एकाच रेषेवरून पुन्हा पुन्हा जातो. दुकानात सामानावरच्या काळ्या रेघा वाचणाऱ्या काही यंत्रांत तसा असतो. "हा मालक," काका म्हणायचे. "फिरतो लय, पान जातो तिथंच." दुसऱ्या एका तऱ्हेत काचेच्या दोन पाचरी एकापुढे एक ठेवून वेगवेगळ्या फिरवतात. दोन्ही कशा फिरल्या ते कळल्याशिवाय झोत कुठे जाणार ते सांगता येत नाही. "ही आमची मंडली आनि तिची बहीन." तिसरी तऱ्हा सगळ्यात जुनी. झोत आपल्या जागी ठेवायचा आणि त्याच्याखालची वस्तूच हलवायची. हे सरकार, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन आरशांची जात त्यांना पसंत होती. सांगाल तिथे जातो आणि सांगाल तेव्हा थांबतो. त्या जातीत त्यांनी आजवर कुणाला घातलेलं मी ऐकलं नाही.

एकदा एक टाय लावलेला विक्रेता आला. त्याच्याकडे नवीन चिप होती, झोत वळवायची, आणि तिच्यात हलणारं काहीच नव्हतं. आरसा नाही, मोटर नाही. चिपच्या आतच प्रकाशाच्या लाटा थोड्या पुढेमागे केल्या की झोत आपोआप तिरका जातो. त्याने लॅपटॉपवर अर्धा तास दाखवलं. काका त्याच्या लॅपटॉपशेजारच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत शांत ऐकत होते.

"मग यात बिघारतो काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काहीच नाही, सर. तेच तर आहे."

"बरा," काका म्हणाले. "मग आमाला कशाला दाखवतोस?"

त्यालाही मालकांनी चहा पाजला.

काका आरसे डोळ्यांपेक्षा कानांनी तपासायचे. आरसे हलवणाऱ्या मोटरींना आवाज असतो. अक्षर बदललं की सूर बदलतो. काका मशीनवर कान टेकवून डोळे मिटायचे आणि आम्ही सगळे गप्प बसायचो. "दुसरा रडतंय," असं म्हणायचे. मग खोलून बघितलं की दुसऱ्या आरशाच्या बेअरिंगमध्ये कचरा निघायचा. मला वाटायचं, केवढी ही साधना. डोळे मिटण्यामागे आणखी काही असेल हे मनात आलं नाही.

महापे रस्त्यावरच्या एका औषध कारखान्यातून फोन आला की झाकणांवरची अक्षरं दुपारी वाकडी उमटतात. सकाळी सरळ, दुपारी तिरकी, संध्याकाळी पुन्हा सरळ. दोन कंपन्यांचे इंजिनियर येऊन मोटरी बदलून, कार्ड बदलून, प्रोग्राम बदलून गेले होते. काका आणि मी गेलो. काकांनी मशीनला हात लावला नाही. एक खुर्ची मागितली आणि सकाळी नऊपासून मशीनशेजारी बसले. मी त्यांच्याशेजारी उभी. अकरा वाजता तिथल्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे नक्की टेक्निकल आहेत ना?" एक वाजता आम्ही जेवलो. अडीच वाजता वरच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा येऊन मशीनच्या डोक्यावर पडला. वीस मिनिटांत अक्षरं तिरकी झाली. डोकं तापलं की आरशांची बैठक केसभर सरकत होती, एवढंच. काकांनी गोणपाट मागवलं, खिडकीला लावलं आणि उठले.

परत आल्यावर मालकांनी विचारलं, "रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"परदा," काका म्हणाले.

मालकांनी त्याचं दीड पान केलं.

त्या दिवशी जेवताना मी काकांना नीट पाहिलं. ते चमच्याने जेवायचे. आगरी माणूस, डब्यात सुकट आणि तांदळाची भाकरी, आणि हा माणूस भाकरीचे तुकडे करून प्लास्टिकच्या चमच्याने खातोय. बोटांना तेल लागलं तर ते आरशाला लागतं, आरशाला लागलेला डाग तापतो आणि आरसा तडकतो. म्हणून गेली कित्येक वर्षं कामाच्या दिवशी काकांनी जेवणाला हात लावला नव्हता. रविवारी घरी हाताने जेवतात का, असं मी विचारलं. म्हणाले, "सवय गेली. घास तोंडाला लागत नाय."

मी तिथे लागल्यापासून चौथ्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. आम्हाला सगळ्यांना हळदीचं बोलावणं होतं. आगरी हळद म्हणजे लग्नाहून मोठी असते हे नव्या मुंबईत कुणाला सांगायला नको. गावातलं पटांगण मांडवाने भरलं होतं. दिवेलागणीच्या वेळी मी पोहोचले, तेव्हा काका मांडवाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारच्या खांबाला नमस्कार करत होते.

काकांनी घरात एकच अट घातली होती. गाणी लावा, ढोल लावा, पण लेझरचे दिवे नकोत. त्यांचा धाकटा भाऊ लग्नाची सगळी व्यवस्था बघत होता. त्याने मान डोलावली आणि लेझर सांगितला. आजकाल त्याशिवाय हळद होत नाही, पाहुणे नावं ठेवतात, असं त्याचं म्हणणं. काकांना कळलं तेव्हा मशीन स्टँडवर चढलेलं होतं. काका स्टँडपाशी जाऊन उभे राहिले. मशीन चालवणारा माणूस भला होता. "काका, टेन्शन नका घेऊ. रोजचं काम हाय आपलं," तो म्हणाला.

"थोरा वर कर," काका म्हणाले. "मानसांच्या डोक्याच्या वरनं गेला पायजे."

"वर केला तर मजा येत नाय, काका. लोकांवरनं फिरला पाहिजे."

तेवढ्यात कुणीतरी काकांना आशीर्वादासाठी ओढून नेलं आणि मशीन सुरू झालं. हिरव्या उजेडाचा मोठा पंखा लोकांच्या डोक्यांवरून उलगडला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. या मशीनमध्येही तेच दोन आरसे असतात. झोत सतत फिरता असतो तोवर कुणाच्याही डोळ्यात तो क्षणभरच जातो. आरसे अडकले आणि झोत एका जागी थांबला, तर मात्र तो सगळ्या ताकदीनिशी एकाच ठिकाणी पडतो. हे मला माहीत होतं, पण मी त्या वेळी भजी खात होते.

स्टेजवर काकांची मुलगी पाटावर बसली होती. तोंड हळदीने माखलेलं, डोळे मिटलेले. बायकांचं लावून झालं होतं आणि दोघीजणी तिला दोन्ही दंडांना धरून उठवायच्या बेतात होत्या. तेव्हा पंखा मिटला. आधी त्याची एक आडवी रेघ झाली, मग रेघेचा ठिपका. ठिपका स्टेजच्या मागच्या पडद्यावर, थर्माकोलने लिहिलेल्या नवरानवरीच्या नावांच्या जरा खाली, स्थिर बसला. लोकांना वाटलं, आता काहीतरी नवीन आकृती येणार. ते वाट बघायला लागले.

काका मांडवाच्या मधोमध सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडत होते. त्यांनी मान वर केली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ती सतरंजी दोन्ही हातांनी ओढली. तिच्यावर बसलेल्या दोन आज्या आडव्या झाल्या. सतरंजी घेऊन काका धावले आणि त्यांनी ती अख्खी मशीनवर फेकली. जाड सतरंजीच्या वजनाने स्टँड कलला. मशीन खाली पडलं. मोठा आवाज झाला आणि गाणं थांबलं.

मग मुलगी उभी राहिली. तिने हळदीतून डोळे उघडले आणि समोर बघितलं. मी स्टेजकडे पाहिलं. ठिपका जिथे होता, त्याच्या बरोबर पुढे आता तिचा चेहरा होता.

पण हे पाहिलं मी एकटीने. बाकीच्यांनी पाहिलं ते असं, की नवरीच्या बापाने भर हळदीत सतरंजी ओढून दोन म्हाताऱ्यांना पाडलं आणि एक नवंकोरं मशीन फोडलं. झालं काहीच नव्हतं, त्यामुळे काय झालं असतं हे कुणाला पटवणं अवघड होतं.

धाकटा भाऊ धावत आला. "दादा, भूत दिसला काय तुला? पावन्यांसमोर इज्जत घालवलीस!"

काका धापा टाकत होते. "ठिपका... पोरीच्या तोंडावर येत होता."

"कनचा ठिपका? लाईट होती ती! सगल्यांनी बघितली. तुलाच काय येगला दिसला?"

"मना दिसत नाय," काका म्हणाले. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तेच सांगतंय. मना दिसत नाय. या उजव्या डोल्याला मधोमध भोक हाय. अशाच ठिपक्याने पारलेला. अकरा वरसं झाली."

 काकी स्टेजच्या पायरीवर उभ्या होत्या, त्या तिथेच बसल्या. आमचे मालक हातात सरबताचा ग्लास घेऊन उभे होते. मुलगी आधी बापाकडे बघत होती, मग आत निघून गेली.

हळद पुढे झाली. गाणीही लागली. मशीनवाल्याने सतरंजी झटकून घडी करून ठेवली.

सोमवारी मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं, ऐकू येत होतं.

"काका, मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितला आसता तर ठेवला आसता?"

 "नसतं ठेवलं," मालक म्हणाले.

"मग," काका म्हणाले.

डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जळल्याची खूण होती आणि ती भरून येणारी नव्हती. डावा डोळा लहानपणापासून अधू, त्याला सगळं धुक्यातलं दिसायचं. म्हणजे सरळ समोर बघितलं की काकांना समोरचं तेवढं दिसायचं नाही. बाजूचं दिसायचं. अकरा वर्षं या माणसाने ज्याच्याशी बोलायचं त्याच्या शेजारी बघितलं, कारण तसं केल्याशिवाय तो माणूस दिसत नव्हता. आणि नखाएवढे आरसे कानाने जुळवले.

मालकांनी त्यांना काढलं नाही. टेबलखुर्ची दिली, फोन दिला, आणि आरशांच्या कामावर सही माझी असेल असं ठरलं. काका दोन महिने फोनवर बसले. मग एक दिवस ते उठून माझ्या बाकापाशी आले आणि म्हणाले, "मी उद्यापासून येत नाय. इथून तुझ्या मोटरी ऐकू येतात आनि मना उठता येत नाय."

त्या दिवशी मी धीर करून विचारलं, हे झालं कसं. वर्कशॉपमधलं मशीन हळदीतल्यासारखं दिसणाऱ्या उजेडाचं नसतं. त्याचा झोत डोळ्याला दिसत नाही, म्हणून लेझर अडवणाऱ्या चष्म्याशिवाय कुणी आत बसत नाही. काका तर नाहीच.

"चष्मा पुसायला कारला होता," ते म्हणाले. "दुपारची सुट्टी. मशीन बंद हाय आसा वाटला. टेबलावर डबा उघरला. झाकन तिरपा ठेवला, आरशासारखा. माझ्या डोक्यात टक् करून आवाज झाला. दुखला काय नाय. भाकरीच्या मधोमध काला डाग दिसला, तो पुसायला गेलो. पुसला जाईना."

"डबा कुणाचा?"

"आमच्याच मंडलींनी दिलेला. माहेरचा, स्टीलचा, नाव घातलेला." ते थांबले. "तिला काय सांगू? तुझ्या डब्याने डोला गेला? घरी सांगितला, कंपनीत स्टील चालत नाय, नियम हाय. मग नियम करावाच लागला."

हे काकींना कधी बोलू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. मी बोललेले नाही. काकी वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

काका काम सोडून गेल्यावर तीनेक महिन्यांनी त्यांची मुलगी वर्कशॉपमध्ये आली. लग्न ठरल्या दिवशीच लागलं होतं, पण त्या हळदीपासून ती बापाशी धड बोलली नव्हती. सासरी अजून सतरंजीवरून चेष्टा चालायची. तिने बांगड्या दाराच्या फळीवर काढून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबांना नक्की काय दिसत नाय?" तिने विचारलं. "आई रडते, बाबा बोलत नाहीत. तुमी सांगा."

मी एक जुना साधा चष्मा घेतला. डाव्या काचेवर पूर्ण तेलकट कागद चिकटवला आणि उजव्या काचेवर मधोमध काळ्या चिकटपट्टीचा एक गोल. तिला स्टुलावर बसवून घालायला दिला आणि समोर उभी राहिले.

"माझ्याकडे बघ."

"तुमचं तोंडच नाहीये," ती म्हणाली. हसली जराशी. "ओढणी दिसते. केस दिसतात."

"आता मान जरा बाजूला वळव. त्या कॅलेंडरकडे."

तिने मान वळवली. कॅलेंडरकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. तिचे हात मांडीवर होते, ते तिने एकमेकांत घट्ट धरले.

"आता दिसता तुमी," ती कॅलेंडरला म्हणाली. मग चष्मा न काढताच म्हणाली, "शाळेत माझं पहिलं बक्षीस होतं. सगळ्यांचे बाप स्टेजकडे बघत होते. आमचे बाबा खिडकीकडे. मी घरी येऊन जेवले नव्हते."

मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा ती चष्मा पर्समध्ये ठेवत होती. नेऊ का, असं तिने विचारलं. सासरी दाखवायचा होता.

त्यानंतर ती माहेरी यायला लागली, असं काकींनी फोनवर सांगितलं. येते आणि बापाशी भांडते, म्हणजे सगळं ठीक आहे.

काकांना मात्र आता नवीन काम लागलं होतं. ते हळदी, मिरवणुका आणि सोसायट्यांचे वाढदिवस करत फिरायचे. बोलावणं लागत नव्हतं. दिवे लावणाऱ्या माणसापाशी जाऊन उभं राहायचं आणि झोत वर करायला सांगायचं. बहुतेक जण हाकलायचे. ज्याचं मशीन फुटलं होतं, त्याने मात्र त्या दिवसापासून झोत कधी खाली आणला नाही. पटलं होतं की धसका होता, त्याने सांगितलं नाही. मग काकांच्या डोक्यात आलं की हे एकेकाला सांगून होणार नाही, नियमच करून घेतला पाहिजे. नियम सरकार करतं. सरकार बेलापूरला बसतं. त्यांनी मला फोन केला. "अर्ज तू लिही. मना फॉर्म दिसत नाय."

मी सुट्टी टाकली. सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी इमारतीत आम्ही तीन खिडक्या फिरलो. प्रत्येक खिडकीने पुढची खिडकी दाखवली. चौथ्या ठिकाणी एक बाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, शेजारी फायलींचा ढीग. त्यांनी आमचा अर्ज वाचला आणि काकांकडे पाहिलं. काकांनी त्यांच्या शेजारच्या ढिगाकडे पाहिलं.

"आजोबा, माझ्याकडे बघून बोला," बाई म्हणाल्या.

"तुमच्याकरेच बघतंय," काका म्हणाले.

मी खुलासा करणार होते, पण बाईंनी मला हाताने थांबवलं. "बरं. कुणाला इजा झाली?"

"नाय."

"कुणाचं काही नुकसान?"

"एका मशीनचा. ती मीच फोरली."

"मग तक्रार कुणी केली आहे?"

"माझीच केली लोकांनी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नव्हत्या. दिवसभरात त्यांच्यापुढे पुष्कळ लोक येत असतील, आणि प्रत्येकाचं काहीतरी झालेलं असेल. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मला रजिस्टरला विषय लिहावा लागतो. जखमी कुणी नाही, नुकसान नाही, तक्रारदार नाही. काहीच झालेलं नाही तर मी विषय काय लिहू?"

 आमच्या मागे रांग वाढत होती. कुणीतरी खाकरलं.

"तसाच लिवा," काका म्हणाले. "काय झाला नाय. आनि होऊ नये."

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि काकांकडे जरा वेळ बघितलं. मग रजिस्टर ओढलं आणि वळणदार अक्षरात, मोठ्याने म्हणत लिहिलं, "काहीही झालेले नाही, तसेच राहावे, याबाबत."

शिक्का मारला, नंबर घातला, पोच दिली. काकांनी पोच चार घड्या करून खिशात ठेवली.

त्या अर्जाला उत्तर आलेलं नाही. मी मधूनमधून विचारते की पुन्हा जायचं का. काका म्हणतात, घाई नाय, अर्जात मागितलाय तेच चाललाय.